गिळावं की थुंकावं

माणसाच्या आयुष्यात काही प्रश्न असे उभे राहतात की त्यांचं उत्तर गीतेत सापडत नाही, वडिलांनी सांगून ठेवलेलं नसतं आणि हेड ऑफिसच्या एकाही सर्क्युलरमध्ये त्याचा उल्लेख नसतो. माझ्यापुढे असा एक प्रश्न उभा राहिला तो ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहराच्या मगिल नावाच्या उपनगरात, सकाळी अकरा वाजता. माझ्या तोंडात वाइनचा घोट होता. समोर काउंटरवर एक चकचकीत पिकदाणी होती. काउंटरपलीकडची मुलगी माझ्याकडे पाहून हसत होती आणि काउंटरअलीकडे उभी असलेली माझी बायको माझ्याकडे पाहून अजिबात हसत नव्हती. आता हा घोट गिळावा की थुंकावा?

इथे मागील पानावरची बाकी पुढे ओढायला हवी. हिचा धाकटा भाऊ ॲडलेडला नोकरीला असतो. तो दर वर्षी फोनवर "दाजी, या एकदा," म्हणायचा आणि आम्ही दर वर्षी "येऊ की," म्हणायचो. हा व्यवहार तोंडीच राहणार याची दोन्ही पक्षांना खात्री होती. पण एका वर्षी त्याने खरोखरच तिकिटं पाठवली. मार्चमध्ये बँकवाल्याला स्वतःच्या लग्नालाही रजा मिळत नाही, म्हणून फेब्रुवारी गाठला. तिकडे तो ऐन उन्हाळा, आणि द्राक्षं उतरवण्याचा मोसम.

मी नाशिकचा. आता नाशिक म्हणजे द्राक्षांचं गाव. देशभरातून माणसं आमच्याकडे वाइन चाखायला येतात आणि आम्ही नाशिककर त्यांना पार्किंग कुठे आहे ते सांगतो. आमच्या घरी द्राक्षं येतात ती किलोवर. ती मिठाच्या पाण्यात धुतली जातात आणि उपासाला खाल्ली जातात. त्यांची वाइन होते हे आम्हाला ठाऊक आहे, पण शेजाऱ्यांच्या मुलाचं काय झालं हे जसं ठाऊक असतं तसं. शिवाय महाराष्ट्रात दारू प्यायची तर १९४९ सालच्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. मी परवाना काढलेला नाही. प्यालो नाही म्हणून काढला नाही, की काढला नाही म्हणून प्यालो नाही, हे आता सांगता येणार नाही. जुनी नोंद आहे.

तर घोट. हिचं मत स्वच्छ होतं. गिळली तर प्यालात, थुंकली तर नाही. म्हणजे पापाची सुरुवात घशापासून होते. मेव्हण्याला गाडी चालवायची होती आणि तिकडचे पोलिस रक्तात किती दारू आहे ते दशांशात मोजतात, त्यामुळे तो प्रत्येक घोट पिकदाणीत टाकत होता. त्याची नेमबाजी पाहून आमच्या शाखेबाहेरच्या पानवाल्यालासुद्धा कौतुक वाटलं असतं. माझी अडचण वेगळी होती. मी बी. कॉम. आहे. चाखण्याचे डॉलर मोजलेले होते आणि त्यांना रुपयाच्या भावाने गुणून मी केव्हाच मोकळा झालो होतो. एवढ्या पैशाची वस्तू थुंकायची? शेवटी पहिला घोट गिळला, दुसरा थुंकला आणि तिसरा अर्धा अर्धा केला. ही म्हणाली, "नक्की काय ते ठरवा." मी म्हणालो, "तडजोड."

ती मुलगी फार समजूतदार. आधी रंग बघा, मग ग्लास हलवा, मग वास घ्या, मग घोट तोंडात सगळीकडे फिरवा, असं तिने शिकवलं. "काय जाणवतं?" तिने विचारलं. मला जाणवत होतं ते आमच्या आजीच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या जांभळांसारखं काहीतरी. पण असं कसं सांगणार? मी म्हणालो, "व्हेरी गुड." ती आनंदली. बँकेतल्या वीस वर्षांत हे दोन शब्द मी न पटणाऱ्या कितीतरी गोष्टींना म्हणालो आहे. त्यात एकाची भर.

मगिलला आम्ही गेलो होतो ते पेनफोल्ड्स कंपनीची जुनी जागा बघायला. क्रिस्टोफर पेनफोल्ड हा इंग्लंडहून आलेला डॉक्टर आणि त्याची बायको मेरी यांनी १८४४ मध्ये इथे वेल लावले. डॉक्टर रोग्यांना औषध म्हणून वाइन द्यायचे. (आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे हीच पद्धत आहे, फक्त तिथे औषध डॉक्टरच घेतात.) त्यांच्या दगडी घराचं नाव ग्रेंज. त्या नावाची वाइन आज ऑस्ट्रेलियातली सर्वांत नावाजलेली. तिचा एक घोटसुद्धा आमच्या खिशाच्या बाहेर होता. तेव्हा वाचकांनी हे लक्षात ठेवावं की या लेखात जिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं आहे ती वाइन मी चाखलेली नाही. आमच्याकडे कर्जमंजुरीही अशीच होते. कारखाना न बघता.

त्या जागेखाली तळघरं आहेत. थंड, काळोखी, लाकडी पिंपांच्या रांगा. तिथे उभं राहून मेव्हण्याने मॅक्स शूबर्टची गोष्ट सांगितली आणि मी ग्रेंज विसरून त्या माणसात अडकलो.

शूबर्ट हा आमच्यातलाच माणूस. १९३१ साली कंपनीत निरोप्या पोऱ्या म्हणून लागला, म्हणजे आपल्या भाषेत शिपाई. हळूहळू चढत १९४८ मध्ये मुख्य वाइनमेकर झाला. १९५० साली कंपनीने त्याला युरोपात धाडलं, शेरी कशी करतात ते शिकायला. त्या काळी ऑस्ट्रेलियात खप होता तो पोर्ट, शेरी असल्या गोड आणि कडक मालाचा. शूबर्ट शेरी शिकला, पण येताना वाट वाकडी करून फ्रान्समध्ये बोर्डोला गेला. तिथे त्याला चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या वाइन चाखायला मिळाल्या. इतकी वर्षं बाटलीत राहून त्या मेल्या नव्हत्या. पिकल्या होत्या. त्याच्या डोक्यात किडा शिरला. आपल्याकडे शिराझ द्राक्ष मुबलक आहे, आपण का नाही असं काही करायचं? १९५१ मध्ये त्याने नव्या ओकच्या पिंपांत पहिला प्रयोग केला आणि मग दर वर्षी करत राहिला.

१९५६ च्या सुमाराला सिडनीच्या हेड ऑफिसला वाटलं, हा इतकी वर्षं काय साठवून ठेवतो आहे ते बघू तरी. संचालक आणि शहरातले जाणकार जमले. एकालाही ती वाइन आवडली नाही. कुणी म्हणालं, रानफळांत मुंग्या चिरडल्यासारखी लागते. कुणी त्याचं अभिनंदन केलं की बाबा, तू एक उत्तम पोर्ट केली आहेस, मात्र डोकं ठिकाणावर असलेला माणूस ती विकत घेणार नाही. आणि १९५७ च्या हंगामाच्या तोंडावर लेखी हुकूम आला: ग्रेंज बंद.

आता हेड ऑफिस सिडनीला आणि तळघर ॲडलेडला. मध्ये हजारांहून जास्त किलोमीटर. शूबर्टने काय करावं? त्याने १९५७ मध्ये ग्रेंज केली. १९५८ मध्ये केली. १९५९ मध्येही केली. आणि ती याच तळघरांत लपवून ठेवली. ॲडलेडच्या कचेरीतल्या जेफ्री पेनफोल्ड हायलंड या मोठ्या अधिकाऱ्याचा त्याला आतून पाठिंबा होता. फक्त नव्या पिंपांसाठी पैसे मागता येत नव्हते, कारण मागितले असते तर सगळं उघडकीस आलं असतं. म्हणून ती तीन वर्षं जुन्याच पिंपांवर भागवलं.

हे ऐकून मी त्या तळघरात मटकन एका बाकावर बसलो. मेव्हण्याला वाटलं, मला चढली. चढली नव्हती. मला स्टॉक व्हेरिफिकेशन आठवलं होतं. आमच्या शाखेत एक स्टेपलर हरवला तर तीन महिने पत्रव्यवहार चालतो. आणि हा माणूस तीन हंगामांची वाइन, पिंपंच्या पिंपं, लेखी हुकूम खिशात असताना लपवून ठेवतो!

पुढची हकिकत सगळ्यांना माहीत असलेली. आधीच्या वर्षांच्या बाटल्या एव्हाना मुरल्या होत्या. त्या पुन्हा चाखल्यावर हेड ऑफिसचं मत फिरलं आणि १९६० च्या हंगामाला ग्रेंज पुन्हा सुरू करा असा हुकूम आला. १९६२ मध्ये १९५५ सालच्या ग्रेंजला सिडनीच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं. नंतर पदकांची रांगच लागली. शूबर्ट १९९४ मध्ये वारला. पहिल्या १९५१ सालच्या बाटल्या त्याने विकल्या नव्हत्या, मित्रांना वाटून टाकल्या होत्या. त्यांतली एखादी लिलावात निघाली तेव्हा एक लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वरही गेली आहे.

रात्री मेव्हण्याकडे थालीपीठं होती. त्यांवर वाद पेटला.

"हिरो माणूस!" मेव्हणा म्हणाला. "वरच्यांना कळत नसेल तर त्यांचं ऐकायचं कशाला?"

"म्हणजे लेखी हुकूम मोडायचा? मालकाची द्राक्षं, मालकाचे पगारी मजूर, मालकाचं तळघर?" मी म्हणालो. "आमच्याकडे याला चार्जशीट देतात."

"पण बरोबर कोण ठरला?"

तव्यावरचं थालीपीठ उलटत ही म्हणाली, "आणि ती वाइन आंबली असती तर?"

"आंबली नाही ना, ताई!"

"नाही, पण आंबली असती तर?"

मेव्हणा गप्प झाला. हिने वादात फारसा भाग घेतला नाही, पण मुद्दा तिनेच मांडला होता. वाइन आंबली असती तर शूबर्ट हा मालकाची तीन हंगामांची द्राक्षं नासवून ती तळघरात दडवणारा नोकर ठरला असता. वाइन पिकली म्हणून तो द्रष्टा. मग १९५७ मध्ये, ज्या दिवशी त्याने हुकूम बाजूला ठेवला, त्या दिवशी त्याचं कृत्य काय होतं? चांगलं की वाईट? त्या दिवशी तर निकाल कुणालाच ठाऊक नव्हता. त्यालाही नाही.

मला बँकेच्या भाषेतच सुचतं. १९६२ च्या पदकावरून १९५७ चं कृत्य चांगलं ठरवणं म्हणजे मागच्या तारखेचं व्हाउचर पास करणं. आणि हेही व्हाउचर नीट पाहिलं तर रकमेत घोळ आहे. ज्या १९५५ च्या वाइनला पदक मिळालं ती बंदीच्या आधीची, राजरोस केलेली. हेड ऑफिसचं मत फिरलं तेही आधीच्या, मुरलेल्या बाटल्या चाखून. लपवलेल्या तीन वर्षांना बिचाऱ्यांना नवी पिंपंही मिळाली नव्हती. म्हणजे चोरून केलेल्या कामाने फक्त एवढंच साधलं की मालिका तुटली नाही. माणसाने नोकरी पणाला लावली ती मधली तीन पानं कोरी राहू नयेत म्हणून. हे कळल्यावर शूबर्ट मला जास्तच आवडायला लागला. पण तो बरोबर होता का, हे काही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही बरोसाला निघालो. ॲडलेडहून तासाभराची वाट. मेव्हणा गाडी चालवता चालवता देशभरातल्या वाइनचा भूगोल सांगत होता. कूनावारात तांबड्या मातीचा एक चिंचोळा पट्टा आहे, खाली चुनखडी. तिथे कॅबरने चांगलं येतं. सिडनीच्या वर हंटर खोऱ्यात सेमियाँ नावाचं पांढरं द्राक्ष. त्याची वाइन कोवळेपणी लिंबूपाण्यासारखी पातळ लागते, पण दहा वर्षं बाटलीत राहिली की लाकूड न लागताही तिला मधाचा आणि भाजलेल्या पावाचा वास सुटतो. ही म्हणाली, "काही माणसंही अशीच असतात." माझ्याकडे पाहून म्हणाली नाही, एवढीच खंत.

बरोसा म्हणजे जुन्या वेलींचं गाव. १८४२ पासून जर्मन बोलणारी, लूथरपंथी, धर्मासाठी देश सोडलेली माणसं इथे येऊन वसली आणि त्यांनी वेल लावले. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा नावाच्या किडीने युरोपातल्या बागा मुळापासून खाल्ल्या. ऑस्ट्रेलियात ती व्हिक्टोरिया प्रांतापर्यंत आली, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात आजवर शिरू दिलेली नाही. त्यामुळे बागेत पाऊल टाकण्याआधी बुटांची चौकशी होते. हे बूट दुसऱ्या कुठल्या बागेत गेले होते का? मी म्हणालो, "नाशिकच्या." त्याबरोबर माझ्या बुटांना असा काही औषधी अभिषेक झाला की तसा मी त्र्यंबकेश्वरलाही पाहिला नाही.

तिथे वेलींची वयं ठरवून त्यांना पदव्या दिल्या आहेत. पस्तिशी ओलांडली की 'ओल्ड', सत्तरी ओलांडली की 'सर्व्हायव्हर', शंभरी ओलांडली की 'सेंटेनरियन' आणि एकशे पंचवीसच्या पुढे 'अँसेस्टर', म्हणजे थेट पूर्वज. मी चाळिशी उलटून गेलेला. पहिली पायरी पार केली म्हणून मला उगाच बरं वाटलं. आमच्याकडे बाग पंधरा वर्षांची झाली की मालक तिच्याकडे संशयाने बघायला लागतो. इथे माणसाच्या मांडीएवढे खुंट, वाकलेले, सालपटं निघालेले, आणि त्यांवर मोजकेच घड. जुन्या वेलीला फळ कमी, पण रस दाट. आमच्या पेन्शनरांशी बोलताना हा अनुभव मला नेहमी येतो.

एका ठिकाणी ईडन खोऱ्यातली जुनी रीसलिंग चाखायला मिळाली. मुलीने विचारलं, "काय जाणवतं?" या वेळी मी ठरवलं, खरं बोलायचं. मी म्हणालो, "रॉकेल." हिने मला कोपराने ढोसलं. पण ती मुलगी टाळी वाजवून म्हणाली, अगदी बरोबर! जुन्या रीसलिंगला तसा वास येतोच, आणि जाणकार तो शोधत असतात. लहानपणी रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहण्यात माझी जी वर्षं गेली ती अशी कारणी लागली. मनात आलं, काल जांभळं आणि आजीची पेटी का नाही सांगितली? तिथे चूक-बरोबर असं काही नव्हतंच. होतं ते एवढंच, की मला लागलेली चव मी सांगितली नाही.

दुपारी एका झाडाखाली बसून आम्ही डब्यातल्या पुऱ्या काढल्या, आणि मेव्हण्याने दुसऱ्या माणसाची गोष्ट काढली. पीटर लेहमन. याच खोऱ्यात १९३० साली जन्मलेला, पाद्र्याचा मुलगा. एका जुन्या वाइन कंपनीत वाइनमेकर होता. आजूबाजूच्या लहान बागायतदारांची द्राक्षं दर वर्षी तो कंपनीसाठी घ्यायचा. करार वगैरे नाही. हातात हात दिला की झालं. १९७० च्या दशकाच्या अखेरीला द्राक्षं फार झाली, भाव पडले, आणि मालकांनी त्याला कळवलं: यंदा घेऊ नका. लेहमन म्हणाला, मी शब्द दिला आहे. द्राक्षं वेलीवर पिकली आहेत, ही माणसं कुठे जातील?

त्याने लपवाछपवी केली नाही. बाहेरून भांडवल उभं केलं, १९७९ मध्ये वेगळी कंपनी काढली आणि लोकांची द्राक्षं घेतली. कंपनीला नाव दिलं 'गाइज अँड डॉल्स' या संगीतिकेतल्या जुगाऱ्याचं, मास्टरसन. आपण काय करतो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असावं. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्याला तर सरकारनेच पैसे देऊन वेल उपटायला लावले. कितीतरी जुने शिराझ तेव्हा गेले. ज्यांनी उपटले नाहीत त्यांचे खुंट आज पूर्वज म्हणून मिरवतात. लेहमन २०१३ मध्ये वारला. तोवर त्याच्या नावाची वाइन देशोदेशी गेली होती.

"बघा," मेव्हणा म्हणाला, "हाही हिरो."

मी पुरी हातात धरून बसलो. हिने विचारलं, "तिखट लागली का?"

तिखट लागली नव्हती. मला आमच्या काउंटरची काच आठवली होती.

बरीच वर्षं झाली त्या गोष्टीला. मी तेव्हा कर्जाच्या टेबलावर होतो. एक छापखानेवाले यायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळाचे अहवाल छापणारे. त्यांना एक जुनं ऑफसेट मशीन मिळत होतं आणि त्यासाठी कर्ज हवं होतं. कागद सगळे ठीक होते. साहेब म्हणाले होते, "होऊन जाईल." मशीनवाला घाई करत होता. छापखानेवाले मला म्हणाले, "साहेब, दहा हजार इसार मागतोय. देऊ का?" मला कुणी आजवर साहेब म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "द्या बिनधास्त. मी सांगतो ना!"

आठवड्याने साहेबांची बदली झाली आणि पंधरवड्याने सर्क्युलर आलं. त्या प्रकारची कर्जं तूर्त थांबवा. छापखानेवाले आले. मी काचेला टेकवून त्यांना सर्क्युलर दाखवलं. इंग्रजी होतं, तरी त्यांनी ते वाचल्यासारखं केलं. मग एवढंच म्हणाले, "पण साहेब, तुम्ही म्हणाला होतात."

मी म्हणालो, "माझ्या हातात काय आहे?"

नियमाप्रमाणे माझं काहीही चुकलं नव्हतं. इसार त्यांनी दिला होता, मी नव्हे. तोंडी आश्वासनाला बँक बांधील नसते, हे फॉर्मवर बारीक अक्षरात छापलेलं असतं. बारीक अक्षर त्यांच्या धंद्यातलंच. पण मला वर एक टिपण पाठवता आलं असतं, की या माणसाने आपल्या शब्दावर पैसे अडकवले आहेत, याचा वेगळा विचार व्हावा. नवीन साहेबांच्या कपाळाला आठी पडली असती, एवढंच. नाहीतर ते दहा हजार तरी. तसा मी काही अगदीच फकीर नव्हतो. त्याच महिन्यात आम्ही फ्रीज घेतला.

शूबर्टसारखा हुकूम मोडायला धाडस लागतं, ते माझ्यात नाही, हे मला आधीपासून माहीत होतं. पण लेहमनने हुकूम मोडण्यापेक्षा साधं काम केलं होतं. दिलेला शब्द आपला आहे असं मानलं, आणि त्याची किंमत आपल्या खिशातून द्यायची तयारी ठेवली. त्याची कंपनी बुडाली असती तरी त्याचं ते कृत्य चांगलंच राहिलं असतं. बुडालेला भला माणूस म्हणून लोकांनी त्याचं नाव घेतलं असतं, किंवा घेतलंही नसतं. त्याला पुढच्या तारखेच्या पदकाची गरज नव्हती. त्याचं व्हाउचर त्याच दिवशी पास झालं होतं.

परत आल्यावर मार्च एंडिंग उरकलं आणि एका रविवारी मी त्या छापखान्यात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. तिथे पोचलो तर छापखाना ओळखू येईना. दोन मशिनं, संगणक, तीन कामगार. मालकांनी मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मी विषय काढला. त्यांना आठवायलाच वेळ लागला.

"अहो, ते होय!" ते हसले. "साहेब, ते कर्ज मिळालं नाही तेच बरं झालं बघा. ते मशीन मोडकं होतं. ज्याने घेतलं तो दोन वर्षांत रस्त्यावर आला. आम्ही पतपेढीतून थोडं थोडं उचललं आणि नवं घेतलं. दहा हजार गेले ते गेले. पण तुमचे उपकारच झाले म्हणायचे!"

वास्तविक मी सुटायला हवं होतं. फिर्यादीनेच खटला मागे घेतला होता आणि वर आरोपीला चहा पाजला होता. मी चहा घेतला, बिस्किट बुडवलं आणि निर्धास्त होऊन बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत आलो असेन. तिथे मला शूबर्ट भेटला.

कारण निकालावरून जर कृत्य चांगलं ठरत असेल, तर काचेमागे लपून सर्क्युलर दाखवणारा मी उपकारकर्ता ठरतो. मेव्हणा ज्या हिशेबाने शूबर्टला हिरो करतो, त्याच हिशेबाने मीही हिरो. मशीन मोडकं होतं हे मला कुठे ठाऊक होतं? त्या दिवशी मला एवढंच ठाऊक होतं की सर्क्युलर आलं आहे आणि त्याच्यामागे उभं राहायला भरपूर जागा आहे. छापखानेवाल्यांनी मोठ्या मनाने मागच्या तारखेचं व्हाउचर माझ्या हातात ठेवलं होतं. वीस वर्षांची नोकरी सांगत होती, हे पास करता येणार नाही.

शूबर्ट बरोबर होता की नाही, याचा निकाल मी आता देत नाही. एवढंच म्हणतो की तो बरोबर असेल, तर तो १९५७ च्या त्या तळघरातच बरोबर होता, जेव्हा त्याच्याकडे पदक नव्हतं, होता तो फक्त लेखी हुकूम आणि आपल्या जिभेवरचा विश्वास. आणि मी चूक असेन, तर माझी चूकही त्याच काचेमागे झालेली आहे. नंतर छापखाना वाढला म्हणून ती लहान होत नाही.

मेव्हण्याने येताना लेहमनच्या नावाची एक बाटली बॅगेत घातली. घरात आता परवान्याशिवाय बाटली आहे, म्हणजे कायदा मोडण्यात माझी एवढी तरी प्रगती झाली. तांबडी वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नसते असं तो बजावून गेला. मी ती कपाटातच ठेवली आहे. त्या फ्रीजमध्ये ती ठेवायची नाही, याला माझ्याकडे दुसरंही कारण आहे. ही अधूनमधून विचारते, "उघडणार आहात का ती कधी?" मी म्हणतो, "बघू. आधी परवाना काढतो."

तोवर छापखानेवाल्यांच्या त्या चहाचा घोट माझ्या तोंडातच आहे. गोड होता, आलं घातलेलं होतं. पण तो गिळता येत नाही, आणि आमच्या नाशिकला काउंटरवर पिकदाणी ठेवायची पद्धत नाही.